मला रंग दिसतात

मला रंग दिसतात. सगळे दिसतात आणि जन्मापासून दिसतात. हे वाक्य मी आजवर कोणापुढेही बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, बहिणीपुढे नाही. घरात, भावकीत, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे ते याच्या उलट आहे, की याला लाल-हिरवं कळत नाही. लग्नकार्यात कापड निवडायला मला कोणी नेत नाही. ऑफिसातला शिपाई लाल शेऱ्याचा कागद पुढे ठेवताना आपणहून सांगतो, "साहेब, लाल हाय बरं का." मी मान हलवतो. तीस वर्षं होत आली, मी मान हलवतो आहे.

यात माझं एकट्याचंच काही गेलं असतं तर मी पुढेही गप्प राहिलो असतो. गप्प राहणं मला जमतं. पण यात बाबांचं गेलं आणि आईचं अजून जातं आहे. म्हणून लिहितो.

बाबा फौजेत पेंटर होते. असंही काम तिथं असतं हे गावात कोणाला पटायचं नाही. "मिल्ट्रीत काय भिंती रंगवायला नेतेत व्हय?" असं हॉटेलात कोणीतरी विचारायचंच. मग बाबा शांतपणे विचारायचे, गाडीवर नंबर कोण टाकतो, दारावरची पाटी कोण लिहितो, जवानाच्या काळ्या पेटीवर त्याचं नाव-गाव कोण घालतो? बंदूकही त्यांना चालवावी लागली होती. एक लढाई त्यांनी पाहिली होती. तिच्याबद्दल ते बोलत नसत. बर्फात रंग डब्यात कसा थिजतो आणि मग तो डबा कोटाच्या आत पोटाशी धरून कसं बसावं लागतं, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगत. त्याच बर्फात त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेली होती. कोणी पायाकडे पाहत राहिलं तर म्हणायचे, "बूट ल्हान लागतो, सरकारचं चामडं वाचतं." ऐकणारा हसायचा. मी रोज तो पाय दगडावर ठेवून धुतलेला पाहायचो. मला हसू येत नसे.

हवालदार म्हणून पेन्शन घेऊन ते घरी आले तेव्हा मी चांगला मोठा झालो होतो. त्याआधी ते म्हणजे वर्षातून एकदा येणारा पाहुणा. मी कितवीत आहे हेही त्यांना मलाच विचारावं लागलं. आल्यावर घरात त्यांनी एक गोष्ट बदलली, ती म्हणजे सगळ्यांनी एका ओळीत जेवायला बसायचं, आईनंसुद्धा. फौजेत असंच बसतात म्हणाले. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघून तोंडाला पदर लावायच्या. आई लाजून भाकरी पाठीमागे धरायची. बाबा तिच्या ताटात पहिल्यांदा वाढायचे आणि म्हणायचे, "खा गं. पंचवीस वर्सं सायबांच्या पाट्या लिव्हल्या, आता घरच्या सायबाला वाढतो." बहिणीच्या शाळेच्या फ्रॉकला बटणं तेच लावायचे, आईपेक्षा पक्की.

कळमनुरीला नांदेड रोडवर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी दुकान टाकलं. कृषी केंद्रांच्या पाट्या, सलूनचे आरसे, ट्रॉल्यांची मागची फळी, बियाण्यांच्या जाहिराती, निवडणूक आली की भिंती. सेनगाव, औंढा, हिंगोलीकडच्या गोरेगावपर्यंत त्यांच्या हातच्या पाट्या होत्या. पेंटर पुष्कळ होते, पण बाबांचा लाल ओळखू यायचा. कापड दुकानाचा लाल वेगळा आणि दवाखान्याचा वेगळा, असं त्यांचं म्हणणं. "दवाखान्याची पाटी बघून पेशंटच्या पोटात गोळा येऊ ने," म्हणायचे आणि त्यात कसलासा थेंब टाकून ढवळत बसायचे. तो थेंब कशाचा हे मी कधी पाहिलं नाही, कारण दुकानात ते मला बसू देत नसत. रंगाचा वास छातीत जातो, धावायला दम पुरत नाही, असं त्यांचं मत होतं. मला धावायचं होतं. म्हणजे मला भरती व्हायचं होतं. म्हणजे त्यांना मला भरती करायचं होतं.

मी कधी नाही म्हणालो नाही. हे मुद्दाम लिहितो. त्यांनी जबरदस्ती केली असं एकदाही झालं नाही. ते सकाळी उठवायचे, मी उठायचो. ते सायकलवर, मी पुढं पळत, शिवारातून पार कयाधूच्या पुलापर्यंत. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, "मनातून हाय ना रे?" मी म्हणालो, "व्हय." तेव्हा नाही म्हटलं असतं तर ते दोन दिवस अबोल राहिले असते आणि तिसऱ्या दिवशी मला कॉलेजात घेऊन गेले असते. एवढं मला तेव्हाही कळत होतं.

भरती नांदेडला होती. मी चांगला धावलो, उंची भरली, छाती फुगली. बाबा दोरीपलीकडे जुन्या फौजींच्या घोळक्यात उभे होते, भर उन्हात युनिटचा ब्लेझर घालून. प्रत्येक टप्पा झाला की मी त्यांच्याकडे बघायचो आणि ते नुसती हनुवटी वर करायचे. छाती मोजून झाली तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं, की हे आता खरंच होणार. तोवर ते मला सकाळच्या धावण्यासारखं वाटत होतं, की पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं.

दुसऱ्या दिवशी मेडिकल. उघड्या अंगानं आम्ही रांगेत. माझ्यापुढं कळमनुरीकडच्याच एका तांड्यावरचा पोरगा होता. आदल्या दिवशी त्यानं त्याच्या डब्यातली भाकरी मला दिली होती. डॉक्टर एक पुस्तक दाखवत होते. पानभर रंगीत ठिपके, त्या ठिपक्यांत दुसऱ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला आकडा. त्या पोराला आकडा दिसेना. "सायब, डोळ्यात घाम गेला, परत दाखवा की." त्यांनी परत दाखवलं. त्याला परत दिसला नाही. "बराबर दिसतंय वो सायब, समदं बराबर दिसतंय," तो म्हणत राहिला, आणि एका जवानानं त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं. भिंतीकडे तोंड करून तो रडायला लागला.

माझी पाळी आली. आकडा ढळढळीत दिसत होता, पाटीवर लिहिल्यासारखा.

"नंबर बोलो."

"ठिपके दिसतेत, सर."

"अरे, नंबर?"

"नंबर न्हाई दिसत."

डॉक्टर भला माणूस होता. "ठीक से देखो बेटा, घबराओ मत," म्हणाला आणि त्यानं आणखी पानं उलटली. प्रत्येक पानावर मला आकडा दिसला आणि प्रत्येक पानावर मी नाही म्हणालो. कारण विचाराल तर भीती. दुसरं काही नव्हतं. शिकायचं होतं, कोणावर जीव होता, असलं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला तो धुतलेला पाय आठवत होता आणि पुढच्या पोराकडून मला नुकतीच एक वाट सापडली होती. ज्या गोष्टीसाठी तो रडत होता ती मी उचलून घेतली.

बाहेर बाबा लिंबाखाली उभे होते. "झालं?"

"कलरमधी उडालो."

ते आधी हसले. "कोण? पेंटरचं पोरगं?" मग माझ्या तोंडाकडे बघून हसू विझलं. "काहून? काय विचारलं? ऊन लागलं असंल. थांब." ते फाटकाकडे गेले. पहाऱ्यावर माझ्याच वयाचा एक जवान होता. बाबांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. त्यांच्यासारख्या माणसानं त्या पोराला सॅल्यूट करायची काही गरज नव्हती. ते बराच वेळ बोलत होते आणि तो मान हलवत होता. परत आले, ब्लेझर काढला, घडी करून हातावर घेतला. "परत बघत न्हाईत म्हणतो," एवढंच म्हणाले.

एसटीत मी खिडकीशी बसलो. शिमग्याचे दिवस होते. पळस फुलला होता, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी, पान नाही, नुसती फुलं. वारंगा फाटा गेल्यावर बाबांनी बोट दाखवलं. "ते दिसतं का रे?"

"काय?"

"फुलं."

मी बाहेर बघितलं. "कोणची फुलं?" म्हणालो.

त्यांनी हात मांडीवर ठेवला. नंतर कळमनुरीपर्यंत त्यांनी काही दाखवलं नाही. मेडिकलमधलं खोटं मी भीतीपोटी बोललो, पण हे मी सावरून घेण्यासाठी बोललो, आणि मला दोन्हीपैकी हेच जास्त आठवतं.

यावर काही उपाय असेल म्हणून बाबांनी पुढच्याच आठवड्यात मला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आई हट्टानं सोबत आली. तिथंही तसंच पुस्तक निघालं, तिथंही मी तसंच केलं. डॉक्टरनं समजावून सांगितलं, की यावर औषध नाही, त्रासही काही नाही, रक्तातून येतं, आणि बहुतेक करून आईकडून येतं. आईला स्वतःला दिसतं, पण तिच्या बापाकडून तिच्या लेकाकडं जातं. मग त्यांनी आईला सहज विचारलं, "तुमच्या माहेरी होतं का कोणाला?"

आईच्या माहेरी मेंढरं. कळप पाण्यावर एकमेकांत मिसळतात, म्हणून आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या मेंढरांच्या पाठीवर आपापल्या रंगाचा पट्टा ओढतं. माझ्या आईच्या बापानं, ती लहान असताना, एकदा दुसऱ्याची मेंढरं आपल्या कळपात हाकून आणली होती. त्यांचा पट्टा लाल आणि आजोबाचा हिरवा. पंच बसले. दिसत असताना आणली म्हणजे चोरलीच, असं ठरलं. त्याला सगळ्यांसमोर पागोटं काढून पायापाशी ठेवायला लावलं. त्यानंतर तो माणूस कोणाच्या लग्नाला गेला नाही. हे सगळं मला माहीत होतं, कारण माझी आत्या भांडणात आईला ते ऐकवायची.

दवाखान्यातल्या बाकावर आई हे डॉक्टरला सांगू लागली आणि सांगता सांगता मध्येच थांबली. "म्हंजी माझ्या बापाला दिसलंच न्हाई," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "असू शकतं." आई रडायला लागली. कशासाठी रडत होती हे तिलाही सांगता आलं नसतं. तिचा बाप चोर नव्हता असं त्या क्षणी ठरलं, आणि तिच्यामुळं तिच्या लेकाचा जन्म वाया गेला असंही त्याच क्षणी ठरलं. दोन्ही मी ठरवलं होतं. मी शेजारी बसून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होतो.

घरी आल्यावर आत्यानं सोडलं नाही. "आमच्या घराण्यात न्हाई बाई असलं काही. आमच्या भावाचे डोळे बघा, सुईत दोरा ओवतो. हे तुमच्याकडूनच आलं." आई आधी उलटून बोलायची, आता बोलेना. उलट पुरावे काढून द्यायची. "ल्हानपणी ह्याला कच्ची बोरं कळायचीच न्हाईत. तवाच मला कळायला पायजे होतं." मी कच्ची बोरं आवडायची म्हणून खायचो. माणसाला एकदा सांगितलं की मागचं सगळं त्याला त्याच रंगाचं दिसायला लागतं.

बाबांनी मला एकदाच दुकानात बोलावलं. डब्यांची झाकणं काढून ओळीनं मांडली होती. "नुसतं बघायचं हाय, घाबरू नको. हा कोणता?" लालला मी तपकिरी म्हणालो. हिरव्याला मातकट म्हणालो. मग पिवळा आला. काय बोलावं हे मला ठाऊक नव्हतं, पण सगळंच चुकायला हवं असं वाटलं. "निळा वाटतो," मी म्हणालो.

बाबांच्या हातातली काडी डब्यात तशीच राहिली. माझ्याकडे बघितलं, मग पिवळ्याकडे. "बरं," म्हणाले आणि एकेक झाकण अंगठ्यानं दाबून बसवलं. पुन्हा कधीही त्यांनी मला रंग विचारला नाही. त्या दिवसानंतर सकाळची सायकलही निघाली नाही. मला कॉलेजात घातलं, टायपिंगला घातलं.

काही वर्षांनी बहिणीची सोयरीक आली, गोरेगावकडची. घर चांगलं, पोरगा चांगला, बहिणीला पसंत. सुपारी फोडायला पाहुणे बसले तेव्हा पोराच्या चुलत्यानं विषय काढला. आत्याच्या तोंडून निघालेलं गोरेगावपर्यंत पोचलं होतं. "राग मानू नका पाहुणे, पर आयकलं ते खरं हाय का? मायकडून लेकराला येतं म्हणतेत. मंग उद्या ह्या पोरीकडून आमच्या नातवाला..."

 आत स्वयंपाकघराच्या दारात आई आणि बहीण. बहिणीचा चेहरा मला दिसत होता. मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथंच संपलं असतं. मी ग्लासात पाणी ओतत राहिलो.

बाबा म्हणाले, "ते तिच्या मायकडून न्हाई. माझ्याकडून आलं. मलाच लाल-हिरवा कळत न्हाई."

 मग चुलता म्हणाला, "काय चेष्टा करता हवालदार! मंग इतके दिवस पेंटरकी कशी करून राहिले?"

"डब्यावर लिव्हलेलं असतंय की," बाबा म्हणाले.

बैठकीत हसण्याचा असा स्फोट झाला, की बाहेरची शेळी बुजली. चुलता तर मांडी थोपटत होता. "आन फौजेत कसे घेतले वो तुमाला?" "तवा पुस्तक नव्हतं, पळायला लावायचे आन घ्यायचे." पुन्हा हशा. "हे बापाकडून पोराला जातं, पोरीला न्हाई," बाबांनी सांगून टाकलं. डॉक्टरनं सांगितलेल्याच्या हे बरोबर उलटं होतं, पण इतक्या मोकळेपणानं आपलं व्यंग सांगणाऱ्या माणसावर कोण अविश्वास दाखवणार? सुपारी फुटली. आईनं आतून साखर पाठवली.

रात्रीच्या जेवणाला आई त्यांना म्हणाली, "काहून घेतलं आपल्या अंगावर? माझं व्हतं ते." बाबा म्हणाले, "घरचंच हाय. कोणाच्या का नावावर असंना."

एक गंमत म्हणून ती गोष्ट गोरेगावहून जीपमध्ये बसून सेनगावला गेली, तिथून हिंगोलीला, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी कळमनुरीत आली. डबा वाचून रंगवणारा पेंटर. आधी नुसती थट्टा होती. "हवालदार, हा आंबा पिकला का बघा जरा." बाबाही हसायचे. मग कापड दुकानदारानं नव्या पाटीचं काम दुसऱ्याला दिलं. "तसं न्हाई हवालदार, पर गिऱ्हाईक म्हणतं, ह्यांच्या पाटीचा लाल लालच हाय कशावरून?" इतकी वर्षं जो लाल लोक लांबून ओळखायचे त्याच लालवर शंका. निवडणूक आली तेव्हा पक्षाच्या पोरांनी सांगितलं, झेंड्याचा रंग चुकला तर वरून बोलणी बसतील. भिंती गेल्या.

एका वाक्यानं त्यांना ते परत घेता आलं असतं. चौकात उभं राहून दहा रंग ओळखून दाखवले असते तरी पुरे होतं. पण मग सोयरीक, आणि मग आई. त्यांनी घेतलेलं सोंग पुरतं निभावलं. डब्यांवर आपल्या सुंदर अक्षरात लाल, हिरवा, पिवळा असं लिहून ठेवलं आणि गिऱ्हाइकासमोर ते वाचून दाखवायचे. एका घरात आम्ही दोघं सोंग करत होतो, बाप आणि लेक, आणि जेवायला एका ओळीत बसत होतो.

हळूहळू त्यांच्याकडे काळ्या-पांढऱ्याचंच काम राहिलं. गाडीच्या नंबरप्लेट, शाळेचे फळे, भरती झालेल्या पोरांच्या पेट्या. काळ्या पेटीवर पांढऱ्या अक्षरात नाव, गाव, तालुका. आसपासच्या गावांतली नवी भरती झालेली पोरं पेटी डोक्यावर घेऊन यायची, बाबा त्यांना चहा पाजायचे, पेटीचे पैसे घ्यायचे नाहीत. तोवर माझी सिद्धेश्वर धरणाच्या ऑफिसात कारकुनी सुरू झाली होती. सुट्टीत घरी आलो आणि दुकानात असा कोणी पोरगा बसलेला दिसला, की मी रस्त्याच्या पलीकडून जायचो. पुढे फ्लेक्स आले, सगळेच पेंटर बसले. लोक म्हणायचे, हवालदाराचं दुकान फ्लेक्सनं बंद पाडलं. मीही तसंच सांगायचो.

शेवटी त्यांची फुफ्फुसं गेली. धाप लागायची. अंगणात बाजेवर बसून असायचे, झोपलं की श्वास अडकायचा. मी रजा काढून आलो होतो. एका दुपारी आई शेजारी मेथी निवडत होती, ती पाणी आणायला आत गेली. बाबा तिच्या पाठीकडे बघत म्हणाले, "तुझी माय अजून तेच धरून बसली. तिच्यामुळं झालं म्हणते. मी सांगून थकलो, तिला माझं पटत न्हाई." मग दम घेतला. "तू सांग तिला कधीतरी."

"काय सांगू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डब्यात काडी राहिली होती तेव्हा बघितलं होतं तसंच. "तुला जमंल ते," म्हणाले.

मला तेव्हा बोलता आलं असतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्या पाठीमागची उशी सरकवून नीट केली आणि विचारलं, "चहा घेता का?" ते म्हणाले, "घेतो." त्या महिन्याच्या आतच ते गेले.

नंतर बहिणीच्या धाकट्या पोराच्या शाळेत डोळे तपासणी झाली. आमच्या घराचा लौकिक म्हणून बहीण घाबरलेली, मला सोबत घेऊन गेली. पोराला काही निघालं नाही. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलकी. मी विचारलं नसताना तिनं सांगितलं, की ज्यांना हे असतं त्यांचा लाल-हिरव्यात घोळ होतो, पण पिवळा आणि निळा त्यांना चांगला ओळखता येतो. जन्माची ही खोट असलेला माणूस पिवळ्याला निळा म्हणणार नाही, म्हणाली.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. बहिणीला वाटलं, मामाला भाच्याचा आनंद झाला.

बाबांना हे ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत नाही. त्यांचा जन्म रंगात गेला होता, आणि फौजेत असे डोळे असलेली माणसं त्यांनी पाहिली असणारच. म्हणजे झाकण दाबताना त्यांना कळलं होतं. आपलं पोरगं आंधळं नाही, भित्रं आहे, हे कळलं होतं. आणि तरी त्या बैठकीत त्यांनी ते अंगावर घेतलं. त्यांना माझं खोटं मोडता आलं असतं, त्यांनी त्याच्यावर आपलं नाव घातलं. आईला मात्र त्यांनी खरं सांगितलं नाही. त्याचा मला कधी राग येतो. मग कळतं, की ते सांगायचं काम त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं आणि सगळं आयुष्य वाट बघितली.

आई आता माझ्याकडेच असते, धरणाजवळच्या क्वार्टरमध्ये. पंच्याहत्तरीच्या पुढं गेली. आजही कोणी नवखं घरी आलं तर ती सांगते, की ह्याला रंग दिसत न्हाईत, माझ्यामुळं झालं, माझ्या रक्तातच व्हतं. आणि त्याच दमात सांगते, की माझा बाप चोर नव्हता, त्याला पट्टा दिसलाच न्हाई. नांदेडहून आल्यावर त्याच उन्हाळ्यात ती माहेरी गेली होती. पंचांपैकी एक म्हातारा जिवंत होता. त्याच्या दारात उभी राहून तिनं हे सांगितलं. त्यानं हात जोडले म्हणे. तेव्हापासून ती माहेरच्या लग्नांना जायला लागली, पुढच्या ओळीत बसायला लागली.

मी इतकी वर्षं गप्प बसलो त्याला हे कारण आहे, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगितलं तर तिचा बाप पुन्हा चोर होतो. पण हे कारण मला फार उशिरा सापडलं. त्याआधीची सगळी वर्षं मी नुसता घाबरून गप्प होतो, आणि कारण सापडल्यावर मला बरं वाटलं, हेही खरंच आहे.

आईला वाचता येत नाही. हे लिहून मी सुटलो असं कोणी समजू नये, मीही समजत नाही. तिच्या रक्तात काही नव्हतं, हे तिला तोंडानं सांगायचं आहे. तिचा बाप चोर नव्हता ही साक्ष माझ्या खोट्यावर उभी आहे, हेही मलाच सांगायचं आहे, आणि मग ती जे बोलेल ते समोर बसून ऐकायचं आहे. ती आहे तोवर हे झालं पाहिजे. एवढं मी तिचं आणि बाबांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.